हृदयरोग्याच्या घरी हवी रोजची नोंदवही



कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली की काय, हे बोंड फोडून पाहायची वेळ येते तोवर नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून आपण कामगंध सापळे लावतो, रोज सकाळी पतंग मोजतो, आणि सलग ३ दिवस एका सापळ्यात ८ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले की वाट न पाहता उपाय सुरू करतो. ही रीत आता बहुतेक गावांना पाठ झाली आहे. आजचा विषय मात्र कपाशीचा नाही. घरात हृदयविकाराचा पेशंट असेल, तर त्याच्याबाबतही हीच रीत चालते, आणि ती आपण पाळत नाही, यासाठी हा लेखनप्रपंच.

मी डॉक्टर नाही. शेतकी पदविका घेऊन गावोगाव फिरणारा विस्तार खात्याचा माणूस. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते औषधपाणी नव्हे. नोंद कशी ठेवायची, एवढेच. गोळ्या डॉक्टरांच्या, वही आपली.

हे लिहावेसे वाटले त्याचे कारण असे. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. या योजनेमुळे अँजिओप्लास्टी, बायपास अशी मोठी कामे गरीब शेतकऱ्याच्याही आवाक्यात आली. पेशंट बरा होऊन घरी येतो. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला अडकवली जाते. पुढची तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची. मधल्या दिवसांत काय बघायचे, हे कोणी विचारत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज जरा बदलला तर आपण रात्री उठून जातो, पण घरातल्या माणसाचा दम लागायला लागला तर म्हणतो, "वय झालं आता."

वजन: सर्वात स्वस्त आणि सर्वात खरे

ज्यांच्या हृदयाचे पंपिंग कमी झाले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले असेल, त्यांच्यासाठी पहिली नोंद वजनाची. पंप कमी उचलायला लागला की पाणी मागे साठते. ते पायात उतरते, पोटात साठते, फुफ्फुसात चढते. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन, हिशोब सरळ आहे. ३ दिवसांत माणूस चरबीने २ किलो वाढत नाही, पाण्याने वाढतो. दवाखान्यात दाखल करायची पाळी येते त्याच्या आठवडाभर आधीपासून वजनाचा काटा बऱ्याच वेळा चढायला लागलेला असतो. दम त्यानंतर लागतो. म्हणजे सापळ्यात पतंग आधी, अळी नंतर.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करावे. काटा सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर ठेवू नये. शहाबादी फरशीवर, रोज त्याच जागी ठेवावा. साधा डिजिटल काटा हजार रुपयांच्या आत मिळतो. काटा १ किलो कमी-जास्त दाखवत असला तरी चालेल, रोज तोच काटा हवा. आपल्याला फरक बघायचा आहे, बाजारभाव नाही.

१ दिवसात १ किलोहून अधिक किंवा ३ दिवसांत २ किलोहून अधिक वाढ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मात्र तुमच्या पेशंटसाठी नेमका आकडा कोणता, हे पुढच्या भेटीत विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. सोबत पायाची सूज बघावी. नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून धरावा. खड्डा पडला आणि लगेच भरला नाही तर पाणी आहे. पुरुषांच्या चपलेचा अंगठा रुतायला लागतो, बायांची जोडवी रुततात, परकराची नाडी पोटाला घट्ट होते. या गोष्टी घरातल्या बाईमाणसाला आधी दिसतात, पण तिला विचारतो कोण?

उलट गोष्टही ध्यानात असू द्या. मे महिन्याच्या उन्हात किंवा जुलाब-उलट्या झाल्यावर वजन झपाट्याने उतरले, उभे राहिले की अंधारी येऊ लागली, तर तेही कळवायचे. लघवी होण्याची गोळी चालू असते, त्यात घाम, अंग कोरडे पडते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि आपल्या मनाने वाढवूही नये. बाजाराच्या दिवशी एसटीत लघवीची पंचाईत नको म्हणून बरेच जण ती गोळी सरळ बुडवतात. डॉक्टरांना विचारले तर गोळीची वेळ पुढे-मागे करून मिळू शकते. विचारायला लाज कसली?

रात्रीकडे लक्ष द्या

झोपेची नोंद कोणी ठेवत नाही. खरे तर हृदयाची पहिली तक्रार पुष्कळदा रात्रीच येते. आडवे झाल्यावर पायात उतरलेले पाणी वर चढते आणि दम कोंडतो. मग माणूस दोन उशा घेतो, पुढे तीन घेतो, शेवटी भिंतीला टेकून बसतो. तो स्वतः कधी म्हणणार नाही की मला दम लागतो. एका गावात चर्चासत्र आटोपल्यावर एक सूनबाई सांगत होत्या, "मामंजी महिनाभर ओट्यावर बसूनच झोपायचे. आत उकडतं म्हणायचे. पौषाची थंडी, अन् उकडतं कसलं?" पुढे त्यांना छातीत पाणी झाले म्हणून तालुक्याला न्यावे लागले. महिनाभर ओटा सांगत होता, ऐकणारे कोणी नव्हते.

म्हणून वहीत रोज उशांचा आकडा लिहा. काल एक, आज दोन, एवढेच. झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी गुदमरून उठून बसावे लागले का, खिडकीपाशी जावे लागले का, तेही लिहा. रात्री लघवीला किती वेळा उठले, झोपल्यावर कोरडा खोकला येतो का, हेही. मोठ्याने घोरणे आणि मधेच श्वास थांबून दचकून उठणे, हा झोपेचा वेगळा आजार आहे. हृदयरोग्यांत तो बराच आढळतो आणि रक्तदाब वाढवतो. घोरणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, शेजारी झोपणाऱ्यानेच सांगायचे असते. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी आणणे किंवा "थोडीशी" घेणे, दोन्ही या आजारात घातक.

आता रात्रीच्या विजेचे. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून चालू आहे आणि काही भागांत दिवसा पाणी देता येऊ लागले आहे. पण जिथे अजून रात्रीची पाळी आहे, तिथे हृदयविकाराच्या माणसाने बारे द्यायला जाऊ नये. थंडी, अंधार, चिखल, मोडलेली झोप आणि दुखले-खुपले तर जवळ कोणी नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्यासाठी पाळायच्या गोष्टींत झोपेची भर घातली. मोठ्या माणसाला ७ ते ९ तास झोप हवी असे ती सांगते. भाऊबंदांत पाळ्या वाटून घेता येतात. बांधाची भांडणे एक दिवस बाजूला ठेवली की झाले.

नाडी, बीपी आणि बोटाचे यंत्र

नाडी बघायला पैसे लागत नाहीत. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवावीत, आपला अंगठा ठेवू नये, कारण त्यात स्वतःचेच ठोके लागतात. बसून विश्रांती घेतल्यावर पूर्ण १ मिनिट मोजावे. साधारण ६० ते १०० ठोके असतात. हृदयाच्या काही गोळ्यांनी ते ५० ते ६० वर येतात, ते डॉक्टरांनी सांगितले असेल तर घाबरू नये. ठोके तालात पडत नसतील, कुठे चुकत, कुठे धावत असतील, तर आकडा ठीक असला तरी कळवावे. अशा अनियमित ठोक्यांत हृदयात गुठळी होऊन लकवा मारण्याचा धोका असतो.

रक्तदाबासाठी दंडावर पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवी करून यावे, ५ मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. १-२ मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे लिहावेत. चांगला तेवढा लिहायचा असे करू नये. ते दूध मोजताना फेस धरण्यासारखे आहे. घरच्या मोजणीत बहुतेक वेळा १३५/८५ किंवा वर येत असेल तर तो वाढलेला समजतात. वरचा आकडा ९० च्या खाली आणि चक्कर, हे देखील चांगले नाही.

कोरोनाच्या २०२०-२१ च्या काळात घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल तर सेल बदलून कामाला लावा. बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर ते चुकीचे दाखवते. एरवी निरोगी माणसात आकडा ९५ च्या वर असतो. नीट लावूनही ९० च्या खाली आला तर वहीत लिहीत बसू नये, दवाखाना गाठावा.

शेतीच्या कामातले दोन धोके

पहिला फवारणीचा. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांची बाधा झाली की घाम सुटतो, लाळ येते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, दम लागतो, नाडी मंदावते. हृदयाच्या गोळ्यांनी नाडी आधीच मंद असलेल्या माणसाने पाठीवर पंप घेऊच नये. अशी लक्षणे दिसली तर हृदयाचा त्रास समजून थांबू नका. कपडे काढून अंग धुवा आणि औषधाची बाटली नाहीतर तिचे लेबल सोबत घेऊन दवाखान्यात चला.

दुसरा धोका दुखण्याच्या गोळीचा. कंबर धरली की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी, नाहीतर सुई. या औषधांनी अंगात मीठ-पाणी साठते, पंपिंग कमी असलेल्याचे वजन वाढते, मूत्रपिंडावर ताण येतो. सुई देणाऱ्याला आपला हृदयाचा आजार आधी सांगा. वजन अचानक का वाढले याचे उत्तर कित्येकदा या सुईत नाहीतर लोणच्याच्या बरणीत सापडते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. त्यात लोणचे, पापड, ठेचा सगळे धरून.

वही बघणार कोण?

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. अमेरिकेत १,६५३ हृदयरोग्यांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यांपैकी निम्म्या पेशंटांनी रोज फोनवरच्या यंत्राला वजन आणि त्रास सांगायचा, अशी योजना होती. ६ महिन्यांनी काही फरक दिसला नाही. १४ टक्के लोकांनी तर ती सोय कधी वापरलीच नाही. उलट जर्मनीत बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने दीड हजारांवर पेशंटांवर असाच प्रयोग केला. निष्कर्ष २०१८ चे. वजन, रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन रोज केंद्रावर जायचे आणि तिथे चोवीस तास डॉक्टर व परिचारिका बसलेल्या. आकडा बिघडला की लगेच फोन, गोळीत बदल. दवाखान्यात किंवा मृत्यूमुळे गेलेले दिवस वर्षाला सरासरी २४.२ होते, ते या पेशंटांत १७.८ वर आले. मृत्यूही कमी झाले. मोजणे दोन्हीकडे होते. बर्लिनच्या केंद्रात आकड्यावर लगेच हालचाल करणारा माणूस बसलेला होता, हा फरक मला मोठा वाटतो.

आपल्या गावात बर्लिन नाही, पण माणसे आहेत. घरातली शाळेत जाणारी पोरगी वही लिहू शकते. आशाताई ३० वर्षांवरील लोकांचा रक्तदाब-मधुमेहाचा फॉर्म भरतातच. उपकेंद्राला २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आठवड्यातून एकदा वही दाखवावी, गरज पडली तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणे करून देता येते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती की ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत गावात असे पेशंट किती, आणि काटा व रक्तदाबाचे यंत्र कोणाकडे नाही, एवढे दोन प्रश्न विचारून घ्यावेत. उपकेंद्रातले यंत्र बंद असेल तर तेही तिथेच कळते.

काही वेळा मात्र वही उघडायचीच नाही. छातीत दाब, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे, थंड घाम. बायांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांत नुसता दम, मळमळ किंवा एकाएकी गळून जाणे. लगेच १०८ ला फोन करावा. सोडा पिऊन गॅस उतरायची वाट पाहू नये, पेशंटला मोटारसायकल चालवू देऊ नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच नीट काम करते, आणि वाडी-वस्तीवरून निघायलाच वेळ जातो. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असेल तर बसवून द्यावी. ५ मिनिटांत कळ थांबली नाही तर दुसरा विचार नको.

ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत असा पेशंट असेल तर दिवाळीच्या आसपास, गाडी भरायच्या आधी, गोळ्या पुरतील एवढ्या घ्याव्यात, काटा भांड्यांच्या पोत्यात घालावा आणि वहीच्या पहिल्या पानाचा फोटो दोन मोबाईलमध्ये ठेवावा. फडाजवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे मुकादमाला आधीच विचारून ठेवा.