शिरूर-दौंड प्रवास : एसटीत अर्धे तिकीट, मग पीएमपीत पूर्ण का?

शिरूरहून एसटीने वाघोलीला उतरून पीएमपी पकडणाऱ्या महिलेला पहिल्या बसमध्ये अर्धे तिकीट, दुसऱ्या बसमध्ये पूर्ण. असे का?

दोन्ही बसचे मालक वेगळे. एसटी राज्याचे महामंडळ आहे. १७ मार्च २०२३ पासूनची महिलांची ५० टक्के सवलत आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा मोफत प्रवास या राज्य सरकारच्या योजना फक्त एसटीच्या. पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची २००७ मधली कंपनी. तिथे त्या लागू नाहीत.

दौंडकरांना निदान रेल्वे तरी आहे. शिरूरला तीही नाही. गंमत म्हणजे, १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली ती याच पुणे-नगर रस्त्यावर.

थेट पुण्याला जायचे असेल, तर वाघोलीला न उतरता एसटीतच बसून राहिलेले स्वस्त पडते. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावे.