पाणी तिथे गाव, गाव तिथे भूकंप

इराणचा प्राकृतिक नकाशा वर्गात लावावा आणि विद्यार्थ्यांना विचारावे, मधल्या वाळवंटात गावे कुठे आहेत? बहुतेक डोंगरांच्या पायथ्याशी, ओळीने. आता त्याच नकाशावर मोठ्या भूकंपांची ठिकाणे मांडावीत. बरीचशी याच ओळींवर पडतील. हा योगायोग नव्हे.

अरबी भूपट्ट वर्षाला दोन-अडीच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत युरेशियाच्या भूपट्टाला रेटतो. मधली इराणची भूमी चेपली जाते आणि खडक प्रस्तरभंगांवर तुटून सरकतात. सरकताना भूकंप होतो. अनेकदा एक बाजू थोडी वर उचलली जाते. असे हजारो वेळा घडून डोंगर उभा राहतो. तुटीच्या जागी खडक घासून त्याची चिकणमातीसारखी बारीक भुकटी होते. तिच्यातून पाणी सहज झिरपत नाही. डोंगराकडून जमिनीखालून येणारे पाणी तिथे बांध घातल्यासारखे अडते. मग मैल न् मैल भुयारे खणून इराणी लोकांनी ते उताराने गावात आणले. या भुयारांना कनात म्हणतात. (मलिक अंबरने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बांधलेली नहर याच जातीची.)

म्हणजे जी भेग गावाला पाणी पाजते, तीच गाव पाडते! सेफिदाबेह हे खेडे पाहा. आसपास शंभरेक किलोमीटर जवळजवळ निर्मनुष्य, तरी १९९४ चे भूकंप नेम धरल्यासारखे त्याच्याजवळच झाले.

पण दोन मोठ्या धक्क्यांमध्ये शेकडो, कधी हजारो वर्षे जातात. माणसाची आठवण तेवढी पुरत नाही. १६ सप्टेंबर १९७८ ला ७.४ महत्तेच्या भूकंपात तबस शहरातील बहुतेक रहिवासी मेले. बमचा मातीचा किल्ला शतकानुशतके उभा होता. २६ डिसेंबर २००३ च्या पहाटे ६.६ महत्तेच्या धक्क्याने तो कोसळला आणि शहरात पंचवीस हजारांहून अधिक माणसे गेली. बमजवळचा प्रस्तरभंग भूवैज्ञानिकांना ठाऊक होता. जमीन सरकली ती मात्र त्याच्या पश्चिमेच्या, वरून ओळखू न येणाऱ्या दुसऱ्याच प्रस्तरभंगावर.

माणसे मारली ती घरांनी. वाळवंटात लाकूड दुर्मिळ, म्हणून छपरेही कच्च्या विटांची, घुमटाकार. उन्हाळ्यात गार, पण फार जड. हादऱ्यात विटांची माती होते आणि ढिगाऱ्यात श्वास घेण्यापुरतीही पोकळी उरत नाही. किल्लारीला १९९३ मध्ये दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांनी असाच घात केला.

तेहरानही असेच, एल्बुर्झच्या पायथ्याशी, प्रस्तरभंगांना लागून वसलेले. १८३० च्या भूकंपात त्याचे नुकसान झाले, तेव्हा ते लहान शहर होते. आज तिथे ९० लाखांच्या आसपास लोक राहतात.