डायल-अप जोडणीवरून घरच्या संगणकाचा दूरस्थ वापर

डायल-अप जोडणीवरून घरच्या संगणकाचा दूरस्थ वापर म्हणजे दूरध्वनीच्या तारेने आंतरजालाला जोडलेला घरातील संगणक दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावरून हाताळणे होय. १९९० च्या दशकात व त्यानंतरच्या काही वर्षांत ही पद्धत वापरात होती. मंद वेग ही तिची सर्वपरिचित मर्यादा होती. तथापि मूळ अडचण वेगळी होती. घरच्या संगणकाला आंतरजालावर कायमचा पत्ता नसे.

पत्त्याचा प्रश्न

डायल-अप जोडणीत मोडेम सेवापुरवठादाराच्या क्रमांकावर दूरध्वनी करतो. परवलीचा शब्द तपासल्यावर पीपीपी या नियमसंचानुसार संगणकाला एक आयपी पत्ता दिला जातो. सर्वसाधारण ग्राहकाला हा पत्ता त्या जोडणीपुरताच मिळे. जोडणी तुटल्यावर तोच पत्ता दुसऱ्या ग्राहकाला दिला जाई व पुढच्या वेळी बहुधा निराळा पत्ता मिळे. शिवाय संगणकाने स्वतः दूरध्वनी केलेला नसेल, तर आंतरजालावरून त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच नसे.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. तिच्या केवळ मजकूर दाखवणाऱ्या 'शेल' खात्यात ग्राहकाच्या संगणकाला स्वतःचा आयपी पत्ता मिळत नसे. असा ग्राहक वस्तुतः निगमचाच संगणक दुरून हाताळत असे. त्याच्या घरच्या संगणकापर्यंत आंतरजालावरून पोहोचणे शक्य नव्हते.

उपाय

थेट दूरध्वनी : घरच्या मोडेमला आलेला दूरध्वनी आपोआप उचलण्याची आज्ञा देऊन बाहेरून थेट घरच्या क्रमांकावर जोडणी केली जाई. यात आंतरजालाची गरज नसे. मात्र परगावाहून वापर केल्यास एसटीडीचा खर्च येई.

पत्ता कळवणे : लिनक्सवर पीपीपी जोडणी होताच 'आयपी-अप' नावाची आज्ञावली आपोआप चालते. तिच्याद्वारे नवा पत्ता ई-मेलने मालकाकडे पाठवता येई.

गतिमान डीएनएस : या पद्धतीत संगणकाचे नाव कायम राहते व त्या नावापुढील आयपी पत्त्याची नोंद प्रत्येक जोडणीनंतर बदलली जाते. डीएनएसमधील नोंदी अशा रीतीने अद्ययावत करण्याची प्रमाणित पद्धत १९९७ मध्ये आरएफसी २१३६ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली.

वेगाची मर्यादा

१९९८ च्या व्ही.९० मानकानुसार ग्राहकाकडे माहिती येण्याचा कमाल वेग सेकंदाला ५६,००० बिट, तर ग्राहकाकडून जाण्याचा वेग ३३,६०० बिट होता. दूरस्थ वापरात पडद्यावरील चित्र घरून बाहेर जात असल्याने हा दुसरा, कमी वेगच निर्णायक ठरे. ६४० × ४८० बिंदूंचे २५६ रंगांतील चित्र संक्षेप न करता पाठवल्यास सुमारे ७३ सेकंद लागतात. २,००० अक्षरांचा मजकुराचा पडदा मात्र अर्ध्या सेकंदात जातो. म्हणून मजकुरावर चालणारी साधने अधिक सोयीची ठरत. केंब्रिज येथील संशोधनशाळेत विकसित झालेल्या व्हीएनसी या चित्राधारित प्रणालीत पडद्याचा केवळ बदललेला भाग पाठवून हा भार कमी केला जाई.

सुरक्षितता

टेलनेटमध्ये परवलीचा शब्द उघड स्वरूपात जातो. त्यामुळे वाटेत कोणी तो वाचल्यास घरचा सारा संगणक परक्याच्या हाती जाण्याचा धोका असे. फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या एसएसएचमध्ये सर्व संवाद सांकेतिक रूपात जातो. व्हीएनसीचा संवादही एसएसएचमधून नेता येतो.

ऱ्हास

जोडणी चालू असेपर्यंत घरचा दूरध्वनी अडकून पडे व कॉलचा आकार वाढत जाई. सतत चालू राहणाऱ्या ब्रॉडबँडमुळे या दोन्ही अडचणी दूर झाल्या. भारतात बीएसएनएल व एमटीएनएल यांनी ही सेवा २००५ मध्ये सुरू केली. पत्त्याचा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटलेला नाही. आज घरातील अनेक उपकरणे राउटरमागे एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. म्हणून सध्याच्या अनेक दूरस्थ प्रणालींत घरचा संगणक स्वतःहून एका मध्यस्थ सर्व्हरशी जोडलेला राहतो व बाहेरचा वापरकर्ता त्या सर्व्हरमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचतो.