मावळे नंतर, आधी खिंड!

दिवाळी आली की देहूरोड-निगडीच्या सोसायट्यांमध्ये पार्किंगचा एक कोपरा हमखास 'रिझर्व्ह' होतो. विटा, पोती, लाल माती. वर महाराज, खाली रांगेत मावळे. किल्ला तय्यार! लहानपणी तुम्हीही त्या चिखलात हात घातले असतीलच. आता हातात पगार आहे, वीकएंड आहे. मग या वर्षी किल्ल्याऐवजी अख्खी लढाईच उभी केली तर?

याला म्हणतात डायोरामा. लढाईतला एकच क्षण, खालच्या जमिनीसकट, इवल्याशा सैनिकांतून उभा केलेला. आणि लढाई शोधायला लांब जायला नको. लोणावळा लोकलची स्टेशनं आठवा. फेब्रुवारी 1661 मध्ये मुघल सरदार कारतलबखान कोकणात निघाला तो याच पट्ट्यातून. चिंचवड, तळेगाव, वडगाव, मळवली... आणि पुढे कुरवंडे घाट उतरून थेट उंबरखिंडीत! तिथे दाट झाडीत शिवाजी महाराजांचं सैन्य दबा धरून बसलं होतं. पुढची वाट बंद, मागचीही बंद. शेवटी खानाबरोबर आलेल्या रायबाघनने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खानाने तो ऐकला.

म्हणजे इथे अर्धी लढाई डोंगरानेच जिंकली. म्हणून आधी खिंड, मग माणसं. नकाशावरच्या उंचीच्या रेषांप्रमाणे पुठ्ठे कापा, एकावर एक चिकटवा, वरून कागदाचा लगदा आणि माती लावा. सैनिक 1:72 स्केलचा घेतला तर जेमतेम अडीच सेंटीमीटरचा होतो. पण त्याच स्केलने एक किलोमीटर दाखवायला 14 मीटर जागा लागते! तेव्हा सगळी खिंड नको, एकच वळण निवडा. बाजारात मावळे मिळतात, मुघल मिळणं कठीण. साध्या सैनिकावर एम-सीलने पगडी चढवा आणि रंगवा.

मोह होतो तो मावळ्यांची गर्दी करायचा. इथे विल्यम सायबोर्नला आठवा. या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईचं मॉडेल केलं. त्यासाठी तो 1830 मध्ये रणभूमीवर आठ महिने राहिला, लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून कोण कुठे होतं ते विचारलं. मॉडेल झालं सुमारे 400 चौरस फुटांचं, आपल्या वन-आरके फ्लॅटएवढं! सैनिक 70 हजारांच्या वर. सरकारने मध्येच पैसे थांबवले, तो कर्जात बुडाला. त्यात प्रशियन सैन्याला इतकं श्रेय का, म्हणून सेनापती वेलिंग्टनच्या गोटात नाराजी. शेवटी त्याने बरेच प्रशियन सैनिक काढून टाकले. 1838 मध्ये लंडनमध्ये मांडलेलं हे मॉडेल आज तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

एक बाहुला हलवला की इतिहास हलतो, तो असा. उंबरखिंडीत मावळे उघड्यावर रांगेत उभे केले, तर दिसायला झकास दिसेल, पण मग ती उंबरखिंड उरणार नाही. त्यांना झाडीतच ठेवा. त्याआधी एका रविवारी खालापूर तालुक्यातल्या चावणी गावी जाऊन या. तिथे समरभूमीचं स्मारक आहे. मान वर करून दोन्हीकडचे डोंगर बघा, पुठ्ठा कुठे कापायचा ते आपोआप कळेल.

आणि दिवाळीत सोसायटीतल्या काकांनी विचारलंच, "अरे, सगळे खानाचेच दिसतायत, आपले मावळे कुठेत?" तर त्यांना जरा खाली वाकून झाडीत बघायला सांगा.