बेलापूर: एकाच पक्षातले दोन गट

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष स्वपक्षाच्याच सिनेटरवर घसरले की जगभर बातमी होते. आपल्या नवी मुंबईतला सामनाही काही कमी रंगतदार नाही.

२०१४ मध्ये मंदा म्हात्रे राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये आल्या आणि त्यांनी बेलापुरात थेट माजी मंत्री गणेश नाईकांनाच हरवलं. फरक फक्त १,४९१ मतांचा! पाच वर्षांनी नाईकही भाजपमध्ये. म्हणजे ज्यांना पाडलं तेच आता सहकारी. बेलापूरचं तिकीट मात्र मंदाताईंकडेच राहिलं. मग गणेश नाईकांचे पुत्र संदीप यांनी वडिलांसाठी ऐरोलीची उमेदवारी सोडली.

खरी धमाल २०२४ ची. संदीप तेव्हा भाजपचे नवी मुंबई जिल्हाध्यक्ष. पक्षानं पुन्हा मंदाताईंना उमेदवारी दिली, तर अध्यक्षांनीच पक्ष सोडून शरद पवारांची तुतारी हाती घेतली! ऐरोलीत वडील कमळावर, शेजारच्या बेलापुरात मुलगा कमळाविरुद्ध. ताई जिंकल्या, पण अवघ्या ३७७ मतांनी. तिकडे गणेश नाईक ऐरोलीतून निवडून आले आणि वनमंत्री झाले.

माझ्या मते हे भांडण विचारांचं कधीच नव्हतं. एका मतदारसंघावर दोन दावेदार, एवढंच. पक्ष बदलले, दावे तेच राहिले.

बेलापूरकरांनो, तुमच्या सोसायटीत तेव्हा कोणाचा जोर होता?