कुत्रं चावलं होतं का?

नेत्रदानाचा फोन आला की आम्ही बॅग उचलून निघतो. मृत्यूपासून सहा तासांच्या आत डोळे काढायचे असतात, त्यामुळे घरात रडारड चालू असतानाच मुलाला बाजूला घ्यावं लागतं. बाबांना शेवटी काय झालं होतं? ताप होता? वागण्यात अचानक बदल? गेल्या काही महिन्यांत कुत्रं चावलं होतं का? काहीजण चमकून बघतात, काही चिडतातही. पण आमच्या सगळ्या खटाटोपात या प्रश्नांइतकं मोलाचं दुसरं काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, जंतू घालवायला काही अवजारांसारखा उकळून घेता येत नाही. त्याच्या आतल्या थरातल्या पेशी जिवंत राहिल्या तरच रोपण टिकतं, आणि त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालायचं, घड्याळ लावून थांबायचं, मग तपकिरी रंग पूर्ण जाईपर्यंत सलाइनने धुवायचं. नातेवाईक दाराशी उभे असतात, ॲम्ब्युलन्सवाला घाई करत असतो. ही मिनिटं मात्र कापायची नाहीत.

कॉर्निया भोवतीच्या पांढऱ्या भागाच्या बारीक कडेसकट काढून एमके मिडियमच्या बाटलीत सोडतात. १९७४ साली मॅकेरी आणि कॉफमन यांनी मांडलेलं हे द्रावण गुलाबी असतं. त्यात जंतू वाढले की आम्ल तयार होतं आणि रंग पिवळट पडतो. अशी बाटली बाद. पण गुलाबी बाटली म्हणजे निर्धोक बाटली, असंही नाही. त्यातलं जेंटामायसिन हे जंतुनाशक औषध बुरशीला मारत नाही. शिवाय फ्रीजच्या थंडीत जंतू फारसे वाढत नसले तरी औषधही सुस्तावतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी बाटली काही वेळ बाहेर काढून ठेवतात. रोपण झाल्यावर उरलेली कड तपासणीला जाते; तिच्यात कॅन्डिडा ही बुरशी उगवली, तर सर्जनला तातडीने कळवतात.

दात्याच्या रक्तातून एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस कळतात. रेबीज त्या नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, आणि बाटलीतलं औषध त्याचं काहीच वाकडं करू शकत नाही. अमेरिकेत १९७८ साली एका महिलेला कॉर्नियातून रेबीज झाला आणि ती दगावली. दात्याचा मृत्यू रेबीजने झाल्याचं नंतर उघड झालं. म्हणूनच मेंदूच्या, निदान न झालेल्या आजाराने गेलेल्या माणसाचे डोळे रोपणासाठी घेत नाहीत. घरच्यांना नकार ऐकवणं जड जातं, पण तो द्यावाच लागतो.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि आजारपणाची फाइल हाताशी काढून ठेवा. कुत्रं चावलं असेल, तर आम्ही विचारायची वाट न बघता सांगा.