पायाखालचा पत्रा आधी पाहा

हर्णै, मिरकरवाडा बंदरांवरून मासळी वाहणारी जुनी पिकअप वरून झकास दिसते. केबिनमधला रबरी मॅट उचलला की तिची खरी दशा कळते. ओल्या पायांचे खारे पाणी, पावसाळ्यात काचेच्या रबरातून झिरपणारे पाणी, सगळे मॅटखाली साचून पत्रा खात राहते.

मालकाचे ठरलेले म्हणणे, "वरून एक पत्रा मारून द्या हो, एवढा सीझन काढू." असले ठिगळ महागात पडते. दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि गंज पूर्वीपेक्षा जोराने पसरतो. शिवाय काही गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटचे बोल्ट याच पत्र्यात असतात. करकचून ब्रेक मारला आणि सीटच उखडली, तर?

हातोडीने ठोकून बघावे. खणखणीत वाजला तर पत्रा शाबूत. भसकन आत गेला, तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. इथे हात आखडायचा नाही. जोडायला १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटरचा पत्रा चालतो. वेल्डिंगआधी बॅटरीची तार सोडावी, खालून जाणारे डिझेलचे आणि ब्रेकचे पाइप बाजूला करून घ्यावेत. टाके लांब लांब मारावेत, सलग ओढले की पत्रा तापून वाकतो.

मग सांधे सीलरने बुजवून वरून-खालून रेडऑक्साइड, खाली काळे कोटिंग. मात्र पाणी जायची मूळची भोके बुजवू नयेत आणि काचेचे रबर त्याच दिवशी बदलून घ्यावे, नाहीतर नवा पत्राही दोन-चार पावसाळ्यांत जुन्याच वाटेने जातो.